दोनचा आकडा



इंदापूर तालुक्यात निवडणूक लागली आणि दोन मोठ्यांच्या मध्ये तिसरा कुणी उभा राहिला, की गावोगावी एकच चौकशी सुरू होते : ह्याला उभा कुणी केला? तो आपल्या मनाने उभा राहिला असेल, हे कुणाच्या गळी उतरतच नाही. ‘मतं खायला आलाय’ हा शिक्का प्रचाराचा नारळ फुटायच्या आधीच त्याच्या कपाळी बसतो.

खरं तर ह्याच इंदापूरने अपक्षाला डोक्यावर घेतलं होतं. हर्षवर्धन पाटील १९९५, १९९९ आणि २००४ अशा तिन्ही निवडणुका अपक्ष म्हणून जिंकले. पंच्याण्णव साली तर राज्यभरातून ४५ अपक्ष निवडून आले होते आणि सरकार त्यांच्या टेकूवर उभं होतं. इंदापूर ज्यात मोडतं त्या बारामती लोकसभेलाही छोट्या पक्षाचं वावडं नाही. २०१४ मध्ये राष्ट्रीय समाज पक्षाच्या महादेव जानकरांनी, महायुतीच्या बळावर का होईना, साडेचार लाखांवर मतं घेतली. सुप्रिया सुळे ६९,७१९ मतांनी निवडून आल्या.

म्हणजे आपल्याकडच्या मतदाराला अपक्ष नको असतो असं नाही. मत वाया जाईल, ही त्याची धास्ती असते. २०२४ च्या विधानसभेत इंदापूरला दत्तात्रय भरणे १९,४१० मतांनी जिंकले, हर्षवर्धन पाटील दुसरे आले आणि अपक्ष प्रवीण माने यांनी सदतीस हजारांवर मतं घेतली. निकालानंतर कट्ट्याकट्ट्यावर गणितं मांडली गेली, ‘माने नसते तर काय झालं असतं?’ ज्याला जे सोयीचं, ते त्याने सांगितलं. खरं उत्तर त्या सदतीस हजारांपाशी होतं आणि मतदानयंत्राने त्यांना ते विचारलंच नव्हतं. यंत्राला एक बटण कळतं.

‘हा नाही तर कोण?’ हे विचारणारी एक निवडणूक मात्र आपल्या दारात दर सहा वर्षांनी येते. विधान परिषदेच्या पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक मतदारसंघांची. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे मिळून प्रत्येकी एक जागा. इथे यंत्र नाही, कागदाची मतपत्रिका असते. तिच्यावर कमळ, घड्याळ, पंजा यांतलं एकही चिन्ह नसतं. उमेदवाराचं नाव, फोटो आणि पुढे रिकामा रकाना. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या पेनानेच लिहायचं. पहिल्या पसंतीच्या नावापुढे १, मग वाटलं तर २, ३, असं हवं तितकं पुढे. आकडा मराठी चालतो, इंग्रजी चालतो, रोमनसुद्धा चालतो. पण ‘एक’ असं अक्षरात लिहिलं, बरोबरची खूण केली, सही ठोकली, की मत बाद. आपल्या हाताला सवय कारखान्याच्या निवडणुकीतल्या शिक्क्याची, त्यामुळे भलेभले पदवीधर इथे घसरतात. पदवी घेतलेल्या माणसाचं मत आकडा नीट न लिहिल्याने बाद व्हावं, ह्याचं मला दरवेळी नवल वाटतं.

आता मोजणीच्या टेबलाशी जाऊ. वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त, हा कोटा. पहिल्या पसंतीतच तो कुणी गाठला तर प्रश्न मिटला. नाही गाठला, तर सगळ्यांत कमी मतं असलेल्या उमेदवाराला बाद करतात आणि त्याच्या कप्प्यातल्या मतपत्रिका एकेक करून पुन्हा उघडतात. २ कुणापुढे आहे ते पाहायचं आणि ती मतपत्रिका त्याच्या कप्प्यात टाकायची, पूर्ण किमतीने. तोही आधीच बाद झाला असेल तर ३ पाहायचा. आकडा मध्येच गाळून कुणी १ नंतर थेट ३ लिहिला असेल, तर ते मत तिथेच थांबलं. पुढे काही लिहिलंच नसेल, तर मतपत्रिका बाजूला काढून ठेवतात. तिचं काम संपलं. मग शेवटून दुसरा, शेवटून तिसरा. शेवटी कोटा कुणीच गाठला नाही आणि दोघेच उरले, तर ज्याची मतं जास्त तो निवडून येतो.

ह्या पद्धतीत छोट्या उमेदवाराला मत देणं हा जुगार राहत नाही. तो पडला तरी तुमचं मत उठून दुसऱ्याकडे जातं. हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात काय घडतं, ते २०१४ मध्ये पुणे पदवीधरला पाहायला मिळालं. राष्ट्रवादीने उमेदवारी दिली सारंग पाटलांना. कुंडलचे अरुण लाड, म्हणजे क्रांतिअग्रणी जी. डी. बापूंचे चिरंजीव, बंडखोरी करून अपक्ष उभे राहिले आणि तीस हजारांवर मतं घेऊन गेले. भाजपचे चंद्रकांत पाटील अवघ्या २,३८० मतांनी जिंकले. बंडखोरीने पडलेलं खिंडार बुजवायला दुसरी पसंतीच तर असते! लाडांच्या मतदारांतल्या पुरेशा लोकांनी सारंग पाटलांपुढे २ लिहिला असता, तर निकाल फिरला असता. तो फिरला नाही. कुणी रागाने लिहिला नसेल, कुणी दुसरीकडे लिहिला असेल. पण माझा रोख आहे तो प्रचारातल्या एका वाक्यावर : ‘साहेबांपुढं एक लिहा आणि पेन खाली ठेवा.’ सगळेच पक्ष हे सांगतात. आपल्या मतदाराने दोन लिहिला तर आपलं मत कमी होतं, अशी समजूत. ती चुकीची आहे. तुमचा पहिला उमेदवार शर्यतीत आहे तोवर तुमच्या दोनकडे कुणी बघतसुद्धा नाही.

पुढच्या खेपेला, २०२० मध्ये, राष्ट्रवादीने त्याच लाडांना तिकीट दिलं. ६२ उमेदवार रिंगणात असूनही १,२२,१४५ मतं घेऊन ते पहिल्याच फेरीत आले. बाकीच्यांच्या मतपत्रिकांवरचे २ आणि ३ कुणी उघडूनही पाहिले नाहीत. शिक्षक मतदारसंघात मात्र ३५ जण होते, पहिल्या पसंतीत कोटा कुणालाच गाठता आला नाही, आणि बाद होत गेलेल्यांच्या मतांवर काँग्रेसचे जयंत आसगावकर निवडून आले. त्याच वेळी अमरावतीत शिक्षकांनी मोठ्या पक्षांना बाजूला सारून वाशिमच्या किरण सरनाईक या अपक्षाला निवडलं; तिथेही निकाल लागला बादफेऱ्यांनंतरच. पुणे पदवीधरमधून जनता दलाचे प्रा. शरद पाटीलही एके काळी आमदार झाले होते. छोट्याला इथे वाट आहे, फक्त ती दुसऱ्या रकान्यातून जाते.

ही पद्धत ऑस्ट्रेलियाने संसदेसाठी १९१८ मध्ये घेतली, ती शेतकऱ्यांमुळे. स्वान नावाच्या मतदारसंघात शेतकऱ्यांचा उमेदवार आणि सत्ताधाऱ्यांचा उमेदवार एकमेकांत अडकले आणि मजूर पक्षाचा बावीस वर्षांचा पोरगा जेमतेम एक तृतीयांश मतांवर निवडून आला. सरकारने घाईघाईने कायदा बदलला. त्याच वर्षी डिसेंबरात कोरांगामाइटच्या पोटनिवडणुकीत शेतकरी संघटनेचा उमेदवार पहिल्या फेरीत मागे असूनही इतरांच्या पसंतीवर जिंकला. तिथे पक्ष आपल्या मतदाराला छापील चिठ्ठी देतात, एक कुणाला, दोन कुणाला, तीन कुणाला. उघड उघड. आपल्याकडे हे उघड करायला उमेदवार कचरतो, कारण दोन कुणाला हे सांगितलं की ‘सेटिंग’ झाल्याची बोंब उठते.

आमदारांना मात्र दोनचं मोल पक्कं ठाऊक असतं. जुलै २०२४ मध्ये आमदारांनी निवडायच्या विधान परिषदेच्या ११ जागांना १२ उमेदवार होते; जागा अनेक, म्हणून कोटा निम्म्याचा नव्हे, २३ चा. शरद पवारसाहेबांनी पाठिंबा दिलेले शेकापचे जयंत पाटील १२ वर अडकले आणि पडले. ठाकरे गटाचे मिलिंद नार्वेकर पहिल्या पसंतीच्या २२ वर होते, दुसऱ्या पसंतीने तरले.

पुणे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतून २०२० साली निवडून आलेल्यांची सहा वर्षं २०२६ च्या डिसेंबरात भरतात. ह्या निवडणुकीची मतदारयादी दरवेळी कोरी, नव्याने होते. मागच्या यादीत नाव होतं म्हणून आपोआप येत नाही. पदवीधरांनी अठरा नंबरचा, शिक्षकांनी एकोणीस नंबरचा अर्ज भरायचा. आणि बारामतीत, भिगवणला, निमगाव केतकीला कुणी अपक्ष पत्रक घेऊन तुमच्या दारात आला, तर ‘तुला कुणी उभा केला’ असं त्याला विचारू नका. तू पडलास तर माझा दोन कुणापुढे लिहू, हे विचारा. ज्याच्याकडे त्याचं उत्तर तयार आहे, तो उमेदवार मला गंभीर वाटतो.