तीन याद्या आणि एक बॉट



नोकरीत मी मोठमोठी सॉफ्टवेअर लिहिते. पण खरी मजा येते माझ्या छोट्या बॉटमध्ये. बॉट म्हणजे सोशल मीडियावर आपोआप मजकूर टाकणारा प्रोग्राम. माझ्या तीन याद्या आहेत: नाशिकची ठिकाणं, विशेषणं आणि नामं, प्रत्येकीत 20 शब्द. त्यांतून एकेक उचलून तो रोज ओळ टाकतो: ‘रविवार कारंज्यावर लाजरी रिक्षा’, ‘रामकुंडावर हट्टी पाऊस’. एवढ्यातूनच 8,000 ओळी होतात. रोज एक म्हटली तर जवळपास 22 वर्षं पुरतील!

इंग्रजीत हे सोपं. मराठीत पाऊस ‘लाजरा’, रिक्षा ‘लाजरी’, मांजर ‘लाजरं’. म्हणून प्रत्येक नामापुढे लिंग नोंदवलं. बाई, तुम्ही घोटून घेतलेलं व्याकरण इथे कामाला आलं!

2023मध्ये ट्विटरने बॉटसाठीची जुनी फुकट सोय बंद केली. जगभरचे असे कितीतरी बॉट मुके झाले. माझा मी मॅस्टोडॉनवर नेला. त्यातून पैसा नाही, बढती नाही. पण उद्याची ओळ मलाही ठाऊक नसते. ऑफिसात असला प्रोग्राम कोण चालवून घेईल?

आता याद्यांत आपल्या शाळेचे शब्द घालायचेत. जेवताना प्रत्येकाने एक तरी द्या, लिंगासकट!