उतारा ओळखावा कसा?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. ‘आपल्या कामातले काहीतरी सांग’ असा आयोजकांचा आग्रह होता, म्हणून विद्यार्थ्यांच्या उतरवलेल्या लेखनाविषयी थोडे बोलतो.

पीएच.डी.च्या प्रबंधांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची नियमावली आहे. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे. ६० टक्क्यांच्या वर गेले की नोंदणी रद्द. हे साम्य मोजते सॉफ्टवेअर. पण ते जुळवते ते आपल्या साठ्यातल्या मजकुराशी. गावच्या वाचनालयातले जुने पुस्तक त्या साठ्यात नसेल, तर पानेच्या पाने उतरवली तरी ते सापडत नाही.

दुसरी अडचण खास आपली. गोंदिया जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला लागून. हिंदी मजकूर मराठीत आणला की यंत्र सहज फसते, वाचणारा फसत नाही. एका प्रकल्पात वाक्य होते, ‘समाजाच्या प्रगतीसाठी स्त्रियांना शिक्षा मिळालीच पाहिजे.’ (हशा) हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत काय, ते येथल्या मागच्या बाकावरच्यांना विचारा!

पण एवढ्यावरून चोरीचा शिक्का मारू नये. आपल्याकडे कितीतरी घरांत हिंदीच बोलतात. तो शब्द मुलाच्या तोंडचाही असेल. म्हणून मी वही मिटून विचारतो, ‘हे कुठे वाचलेस? आता तुझ्या शब्दांत सांग.’ ज्याने स्वतः लिहिले तो अडखळत का होईना, सांगतो. ज्याने उतरवले तो पाठ केलेलेच म्हणतो, नाहीतर गप्प बसतो.

त्या गप्प बसण्यामागचे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. गाइडमधल्या ‘पावसाळ्यातील एक दिवस’मध्ये समुद्र उसळतो, बांधीतला चिखल, पऱ्हे, रोवणी, भरलेली बोडी कुठेच नसते. रोवणीला स्वतः गेलेली मुलगी असा निबंध उतरवते. का, म्हणून विचारले तर म्हणते, ‘सर, आमची भाषा शुद्ध नाही ना!’ घरी ‘डोरा’ म्हणणाऱ्या लेकराच्या वहीत पहिलीपासून लाल रेघाच पडत गेल्या, तर ते दुसऱ्याचे शुद्ध वाक्य उचलणारच. आळशी मुले नक्कल करतात, तशी घाबरलेलीही करतात. शिक्षा दोघांना सारखी कशी असेल?

आपल्यापैकी बरेच जण आज शिक्षक आहेत, पालक तर बहुतेक सगळेच. त्यांना एकच विनंती. पहिल्या खर्ड्यात फक्त मूल काय सांगते ते पाहा. शुद्धलेखन दुसऱ्या खर्ड्यात तपासा. वर्षभर मुलांचे असे लेखन वाचले की प्रत्येकाची वाक्ये ओळखीची होतात. मग त्यात परके वाक्य आले, तर ते चटकन कळते आणि त्याला सॉफ्टवेअर लागत नाही.