पोर आळशी नाही



आज बोलायचं आहे ते आपल्या १२-१४ वर्षांच्या मुलामुलींच्या झोपेबद्दल. सकाळी आई हाका मारून दमते. पोरगं कूस बदलतं, पण उठत नाही. बाप म्हणतो, "आळशी झालंय कार्टं!" गुरुजीही सांगतात, वर्गात पेंगतं.

असं का होतं, ते बघा. प्रत्येकाच्या अंगात एक घड्याळ असतं. पहाटे आपल्याला आपोआप जाग येते, ती त्यामुळंच. अंधार पडला, की मेंदूत एक रस पाझरू लागतो. डॉक्टर त्याला मेलाटोनिन म्हणतात. तो पाझरला, की झोपेची वेळ झाली हे अंगाला कळतं. मूल वयात येऊ लागलं, की हा रस उशिरा पाझरतो. घड्याळ तास-दोन तास मागं पडतं. नऊला पेंगणारं पोरगं आता दहा-साडेदहापर्यंत टक्क जागं राहतं. हा त्याचा दोष नव्हे. त्या वयाचा धर्मच तो.

त्यात हाती मोबाइल. पडद्याचा उजेड डोळ्यांवर पडतो. मेंदूला वाटतं, अजून दिवस आहे. मग रस आणखी उशिरा येतो. शिवाय एक चित्र संपलं, की दुसरं आपोआप सुरू. तमाशालासुद्धा शेवट असतो, याला नाही.

आता हिशेब करू. १२ वर्षांपर्यंतच्या शाळकरी मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते. तेराव्या वर्षापासून ८ ते १० तास. समजा, १३ वर्षांची मुलगी रात्री १२ ला फोन ठेवते आणि पाणी भरायला ६ ला उठते. झोप झाली ६ तास. कमीत कमी २ तासांची तूट. शाळेचे ६ दिवस धरले, तर आठवड्याला १२ तासांची उधारी! रविवारी दुपारपर्यंत झोपून ती फिटत नाही. उलट घड्याळ आणखी मागं पडतं, अन् सोमवारी पुन्हा तेच. अंग वाढवणारा रस गाढ झोपेतच जास्त सुटतो. दिवसा शिकलेलं डोक्यात पक्कं बसतं, तेही झोपेत. पुस्तकं घेतली, वह्या घेतल्या, अन् झोप तोडली, तर पेरून पाणी न दिल्यासारखं झालं.

कुणी म्हणेल, "फोन हिसकावून घ्या!" तसं सोपं नाही. २०२० साली करोनात शाळा बंद होत्या, तेव्हा अभ्यासासाठी आपणच फोन हाती दिला. आणि आपण स्वतः अंथरुणात फोन बघत पडलो, तर पोर ऐकेल कशी?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ साली एक गोष्ट सुरू केली. संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजला, की घरोघरचे टीव्ही अन् मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा. तोवर मुलांनी अभ्यास करायचा. ते झोपेसाठी नव्हतं, हे खरं. पण त्यातली खुबी आपल्या कामाची आहे. बंद ठेवायचे ते सगळ्यांनीच, लहानांनी अन् मोठ्यांनीही.

घरी एवढं करून बघा. झोपायच्या तासभर आधी घरातले सगळे फोन एका फळीवर ठेवा. चार्जिंगही तिथंच. बापाचा फोन पहिला. आठ दिवस चिडचिड होईल, होऊ द्या. सकाळी पोरांना अंगणात उजेडात बसवा. त्या उजेडानं मागं पडलेलं घड्याळ पुढं सरकतं.

आता एखादी बाई विचारील, फोन दूर ठेवला तर गजर कशात लावू? बाजारात गजराचं घड्याळ अजून मिळतं. सेलवर चालतं.