पाऊल दाखवा, पाय वाचवा

आज आपण पायांविषयी बोलू.

माझ्या ओळखीचे एक शेतकरी काका आहेत. त्यांना मधुमेह आहे. मधुमेह म्हणजे रक्तात साखर वाढण्याचा आजार. एकदा रानात त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. त्यांना ते कळलेच नाही. आठ दिवसांनी घरच्यांना वास आला. पाहतात तो काय, पायाचे बोट काळे पडलेले! ते कापावे लागले.

काटा मोडला आणि कळले नाही, हे कसे? ऐका. साखर फार दिवस वाढलेली राहिली, की पायाच्या नसा बधिर होतात. पायाला रक्तही कमी पोचते. म्हणून जखम दुखत नाही आणि लवकर भरतही नाही. दुखत नाही, म्हणून आपण ती दाखवत नाही. खरा धोका इथेच आहे.

मग दाखवायचे कुठे? आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. मधुमेहासाठी सरकारने २०१० साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात तीस वर्षांवरील माणसांची साखर फुकट तपासतात. कुठल्या दिवशी जायचे, ते आशाताईंना विचारा. जखम मोठी असेल, तर तिथून ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवतात. पाठवले, की जाच. घरी बसू नका.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. दवाखान्यात गर्दी असते. साखर बघतात, गोळ्या देतात, आणि पुढचा नंबर येतो. पाय बघायचा राहून जातो. म्हणून आपणच चपला काढाव्यात आणि म्हणावे, "डॉक्टरसाहेब, माझे पाऊलही बघा." पाय मळका आहे, भेगा पडल्या आहेत, म्हणून लाजू नका. डॉक्टर पायाला नायलॉनचा बारीक दोरा टेकवतात. तो कळतो का, ते विचारतात. वर्षातून एकदा तरी ही तपासणी हवीच.

घरी काय करावे? रोज रात्री तळवे बघा. वाकता येत नसेल, तर आरसा धरा, नाहीतर नातवाला बघायला सांगा. अनवाणी चालू नका. कुरूप ब्लेडने कापू नका. बधिर पाय शेकू नका. फोड किंवा जखम दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ते काका आज काठी टेकत चालतात. भेटेल त्याला म्हणतात, "माझं बोट गेलं ते गेलं. तुमचं जाऊ देऊ नका."