बेटाचा उंबरठा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मंडळाच्या काही सभासदांनी फिजी बेटांच्या सहलीचा बेत केला आहे. तेथे प्रवेशासाठी काय लागते आणि प्रकृतीची काय काळजी घ्यावी, ह्याविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा आम्हांला झाली. सरकारी कचेरीत जन्म गेलेल्या माणसाला नियम सांगावयास बोलावणे म्हणजे आंधळ्याने एक डोळा मागावा आणि देवाने दोन द्यावेत, तसे झाले! तरीही नियमांची जंत्री वाचून आम्ही आपणांस कंटाळा आणणार नाही.

कागदपत्रांचे काम थोडक्यात उरकू. भारतीय पारपत्र असणाऱ्यास फिजीचा व्हिसा आगाऊ काढावा लागत नाही. नांदीच्या विमानतळावर चार महिन्यांपर्यंतचा अभ्यागत-परवाना मिळतो. पारपत्राची मुदत मुक्कामानंतर निदान सहा महिने उरलेली असावी. परतीचे तिकीट, उतरण्याची सोय आणि पुरेसा पैसा दाखवता आला पाहिजे. ऑस्ट्रेलियामार्गे जाणाऱ्याने तेथील ट्रान्झिट व्हिसा विसरू नये. पुष्कळांची गाडी तेथेच अडते. पीतज्वराच्या लशीचा दाखला थेट भारतातून जाणाऱ्याला लागत नाही, मात्र आफ्रिकेतील वा दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराच्या प्रदेशातून येणाऱ्याकडे तो मागतात. हे नियम बदलत असतात. तिकीट काढण्यापूर्वी दिल्लीतील फिजीच्या उच्चायुक्तालयाकडे खात्री करून घ्यावी.

आता मुख्य मुद्दा. आरोग्याचे नियम प्रवाशाच्या रक्षणासाठी असतात, अशी आपली समजूत असते. परंतु दूरच्या बेटावर पहिला धोका असतो तो यजमानाला. ऑक्टोबर 1874 मध्ये फिजी ब्रिटिशांच्या ताब्यात गेले आणि राजा थाकोम्बाऊ सिडनीच्या भेटीस गेला. तेथे त्याला गोवर झाला; तो बरा झाला, पण त्याच्या परिवारात रोग रेंगाळत राहिला. जानेवारी 1875 मध्ये ‘डायडो’ ही युद्धनौका त्यांना घेऊन परतली. जहाज अलग ठेवले गेले नाही. राजाच्या भेटीसाठी ठिकठिकाणचे सरदार जमले आणि आपापल्या गावी परत जाताना गोवर घेऊन गेले. ज्या समाजाने हा रोग कधी पाहिलाच नव्हता, त्यात अवघ्या काही महिन्यांत सुमारे 40,000 माणसे, म्हणजे चतुर्थांशाहून अधिक प्रजा, मृत्यू पावली असा अंदाज आहे. आपल्याकडे ‘गोवर निघाला’ म्हणून आजी कडुनिंबाचा पाला मुलाच्या उशाशी ठेवीत, तो हाच गोवर!

ह्या कथेचा पुढचा अंक आपल्या हुगळीवरून सुरू होतो. 1879 मध्ये ‘लिओनिडास’ हे जहाज ह्याच कलकत्त्याहून गिरमिटिया मजुरांना घेऊन निघाले. वाटेत पटकी आणि देवी उद्भवल्या. 14 मे रोजी जहाज लेवुकाजवळ पोहोचले, तेव्हा 463 मजुरांना किनाऱ्यावर न उतरवता यानुथा लाइलाइ ह्या लहानशा बेटावर कित्येक आठवडे वेगळे ठेवले. त्या अभाग्यांचे हाल झाले असतील. परंतु चार वर्षांपूर्वीचा धडा ताजा होता आणि देवीचा रोग बेटांत शिरला नाही. पुढे 1916 पर्यंत साठ हजारांवर भारतीय त्या बेटांवर गेले. आपण जाल तेव्हा त्यांची पणतवंडे आपल्याशी त्यांच्या धाटणीच्या हिंदीत बोलतील.

‘ह्या जुन्या गोष्टी झाल्या’ असे कोणी म्हणेल. शेजारच्या सामोआचे पाहा. नोव्हेंबर 1918 मध्ये ऑकलंडहून आलेल्या ‘तालून’ जहाजावरील इन्फ्लुएंझाच्या रुग्णांना आपिया बंदरात उतरू दिले आणि पश्चिम सामोआची पाचवा हिस्सा वस्ती गेली. त्याच वेळी अमेरिकन सामोआचे गव्हर्नर पॉयर यांनी बंदर कडक बंद ठेवले. तेथे एकही मनुष्य दगावला नाही. त्या हलगर्जीबद्दल न्यूझीलंडच्या पंतप्रधानांनी 2002 मध्ये सामोआची क्षमा मागितली. आणि 2019 साल तर कालचेच. आदल्या वर्षी लस चुकीच्या औषधात मिसळल्याने दोन तान्ही मुले दगावली होती, लोकांचा लशीवरचा विश्वास उडाला होता. अशात न्यूझीलंडहून आलेल्या प्रवाशाबरोबर गोवर आला. सुमारे दोन लाख वस्तीच्या देशात 5,700 हून अधिक रुग्ण आणि 83 मृत्यू. त्यांतील बहुतेक पाच वर्षांखालील बालके. डिसेंबरात दोन दिवस सरकारी कचेऱ्या बंद ठेवून कर्मचारी घरोघर लस टोचत फिरले. ज्या घरात लस न घेतलेले कोणी होते, त्या घरापुढे लाल कापड बांधण्यास सांगितले होते.

आपल्या स्वतःच्या प्रकृतीची भीती त्या मानाने कमी. फिजीत हिवताप नाही. तो वानुआतू, सॉलोमन बेटे, पापुआ न्यू गिनी ह्या पश्चिमेकडच्या बेटांवर आहे. डेंग्यू मात्र आहे आणि त्याचा डास दिवसा चावतो, तेव्हा मच्छरदाणीवर भिस्त ठेवून चालणार नाही. अंगभर कपडे हवेत. पुरानंतर लेप्टोस्पायरोसिस आणि विषमज्वर डोके वर काढतात. चिखलात अनवाणी चालू नये, पाणी उकळून प्यावे. प्रवाळाने पाय कापला तर जखम क्षुल्लक मानू नये. आपल्यांतील मत्स्यप्रेमींना एक इशारा: प्रवाळखडकांवरील काही मोठ्या माशांत ‘सिग्वाटेरा’ नावाचे विष साचते. ते शिजवूनही जात नाही, चवीला कळत नाही, आणि बाधा झालेल्याला थंड वस्तू चटका देणारी भासते. कोणता मासा घ्यावा हे तेथल्या कोळ्यालाच विचारावे.

आणखी एक विषय भगिनीवर्गापुढे काढण्यास आम्ही कचरतो, तो लोणच्याचा! लोणची, लाडू, कढीपत्ता, तुळशीची मंजिरी, काहीही बरोबर असल्यास जाहीरनाम्यावर लिहावे. शक्य तर नेऊच नये. उसातील उंदीर मारण्यासाठी 1883 मध्ये आपल्याकडचे मुंगूस फिजीत नेले, त्याने तेथले जमिनीवर राहणारे पक्षी फस्त केले. सामोआत 1909 मध्ये सिलोनच्या रबराच्या रोपांबरोबर गेंड्या भुंगा गेला आणि माडांच्या मुळावर उठला. तपासणी करणारा अधिकारी आपल्या पिशवीत हात घालील, तेव्हा त्याच्यावर रागावू नये.

राहिली लस. आमच्या वयाच्या बहुतेकांना लहानपणी गोवर येऊन गेलेला आहे. काळजी आहे ती मुलांच्या पिढीची. सरकारी कार्यक्रमात गोवराची लस 1985 मध्ये आली आणि दुसरी मात्रा 2010 नंतर. मधल्या काळात जन्मलेल्या पुष्कळांना एकच मात्रा मिळालेली असेल. त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊन दुसरी घ्यावी, आणि निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे घ्यावी. नातवंडे बरोबर येणार असतील तर नवव्या महिन्याची आणि दीड वर्षाच्या सुमाराची अशा दोन्ही मात्रांची नोंद त्यांच्या पत्रिकेत आहे ना, ते पाहून ठेवावे. निघण्याच्या दिवशी कोणाला ताप वा पुरळ असेल, तर तिकिटाच्या पैशांकडे न पाहता त्याने घरीच राहावे. सभासदांची नावे चिटणीसांकडे नोंदवताना ह्या पत्रिकांची प्रतही द्यावी, अशी व्यवस्था आम्ही त्यांच्याशी बोलून ठेवली आहे.