अक्कलदाढ काढल्यानंतरचा आहार आणि विश्रांती

माणसाला अक्कल केव्हा येते हा वादाचा प्रश्न असला, तरी अक्कलदाढ केव्हा येते ह्याविषयी फारसा वाद नाही. साधारणतः वयाच्या १७ व्या वर्षापासून २५ व्या वर्षापर्यंत ती हिरडीतून डोके वर काढते. बाकीचे दात आपापल्या जागा धरून बसल्यावर ही पाहुणी सर्वांच्या शेवटी येते, आणि पुष्कळदा जबड्यात तिला पुरेशी जागाच उरलेली नसते. मग ती आडवीतिडवी उगवते, अर्धीमुर्धी बाहेर येते, किंवा हाडातच अडकून राहते. अर्धवट उघड्या हिरडीखाली अन्नाचे कण साचतात, तेथे सूज येते, कधी पू होतो, कधी शेजारची चांगली दाढ किडते. आणि अखेर दंतवैद्याकडे जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

दंतवैद्याच्या खुर्चीची भीती एके काळी सकारण होती. अमेरिकेतील हार्टफर्ड शहरी होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने ११ डिसेंबर १८४४ रोजी नायट्रस ऑक्साइड हा वायू हुंगून स्वतःचीच अक्कलदाढ जॉन रिग्ज ह्या सहव्यवसायी मित्राकडून काढून घेतली, आणि वेदनेवाचून दात काढता येतो हे स्वतःच्या देहावर पडताळून पाहिले. पुढे स्वीडनमध्ये १९४३ साली लिग्नोकेन हे बधिरतेचे औषध तयार झाले, आणि त्याची सुई आज गावोगावच्या दवाखान्यांत आहे. त्यामुळे दाढ निघताना दाब जाणवतो, आवाज ऐकू येतो, पण वेदना होत नाहीत. खरी कसोटी सुरू होते ती घरी परतल्यावर, आणि ती शस्त्राची नसून जिभेची व संयमाची असते.

दाढ निघाली म्हणजे तिच्या जागी हाडात एक खळगा उरतो. त्या खळग्यात रक्त भरते व गोठून त्याची गुठळी बनते. ही गुठळी म्हणजे निसर्गाने जखमेवर घातलेले झाकण होय. तिच्याखाली हाड आणि हाडातील संवेदनक्षम नसा सुरक्षित राहतात, आणि तिच्याच आधाराने नवे मांस भरू लागते. पुढील चारपाच दिवसांत काय खावे, काय टाळावे, कसे निजावे, ह्या सर्व नियमांचे मूळ एवढ्या एका गोष्टीत आहे. गुठळी टिकली पाहिजे हे ज्याला उमगले, त्याला नियम पाठ करावे लागत नाहीत.

दवाखान्यातून निघताना जखमेवर औषधी कापडाची घडी ठेवलेली असते. ती अर्धा ते पाऊण तास दाताखाली घट्ट धरून ठेवावी. दर पाच मिनिटांनी काढून रक्त थांबले की नाही हे पाहत बसू नये. पहिल्या दिवशी लाळेत थोडी लाली दिसणे स्वाभाविक आहे, कारण रक्ताचा एक थेंबही लाळेत मिसळला की पुष्कळ भासतो. ती लाळ थुंकू नये, गिळावी. थुंकण्याने आणि खळखळून चूळ भरण्याने तोंडात ओढ निर्माण होते व कोवळी गुठळी निसटते. म्हणून पहिले २४ तास चूळ भरणे वर्ज्य समजावे.

बधिरता दोन ते चार तास टिकते. ह्या काळात काही चावून खाऊ नये. ओठ, गाल वा जीभ दाताखाली सापडली तरी त्या वेळी कळत नाही. बधिरता उतरल्यावर मात्र एकाऐवजी दोन जखमांचे दुःख सोसावे लागते. ऊन चहाचेही तसेच. तोंड भाजले तरी समजत नाही, आणि उष्णतेने रक्तस्राव वाढतो. वेदनाशामक गोळी दंतवैद्याने सांगितलेल्या प्रमाणात, बधिरता पूर्ण उतरण्यापूर्वीच घेणे हिताचे असते. ठणका सुरू झाल्यावर त्याला आवरण्यापेक्षा तो येण्यापूर्वी अडविणे सोपे.

पहिल्या दिवसाचे अन्न थंड किंवा कोमट, पातळ आणि चावावे न लागणारे असावे. मराठी घरात अशा अन्नाची वाण कधीच नव्हती. गोव्यातील घरांत पेज असते. ती निवून कोमट झाली, शिते चांगली कुस्करली, की आजाऱ्याचे उत्तम अन्न होते. बेळगावकडील घरांत नाचणीची ताकातली आंबील होते. तिखट न घालता ती पोटभर घेता येते. ह्याशिवाय दूध, गोडे ताक, गुठळ्या मोडलेले दही, मुगाच्या डाळीचे गाळलेले कढण, हे सारे चालते. मात्र ते वाटीने किंवा चमच्याने घ्यावे. नळीने ओढून पिण्याची हल्लीची सवय ह्या काळात अपायकारक ठरते. शहाळ्याचे पाणी पौष्टिक खरे, पण ते पेल्यात ओतून प्यावे. आंब्याचे दिवस असले तर रस वाटीत घ्यावा. आंबा चोखण्याचा मोह आवरावा. शेवग्याच्या शेंगेलाही तोच न्याय.

दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी मऊ घन अन्नाकडे वळण्यास हरकत नसते. तूप व वरण घालून कालविलेला आसट भात, मेतकूट-भात, बडोद्याच्या घरांतली सैल खिचडी, हैदराबादेकडील घरांतला मोहरी-मिरचीच्या फोडणीवाचूनचा दहीभात, दुधात भिजवून कुस्करलेली इडली, गव्हाच्या रव्याची खीर, मऊ सांजा, पिकलेले केळे, उकडून कुस्करलेला बटाटा वा रताळे, आणि चालत असेल त्यांना मऊसर घोटलेले अंडे, अशी कितीतरी नावे घेता येतील. घास दुसऱ्या बाजूने खावा, लहान घ्यावा. भरून निघणाऱ्या जखमेला प्रथिनांची गरज असते. म्हणून केवळ चहा-बिस्किटावर दिवस काढणे बरे नव्हे. काही घरांत दाढ काढल्यावर दोन दिवस लंघन करण्याची रीत आहे. तिने जखम लवकर भरत नाही, उलट अंगातली शक्ती मात्र जाते.

टाळावयाच्या पदार्थांत पहिला मान कुरकुरीत पदार्थांचा. इंदुरी शेव, चिवडा, भाजलेले शेंगदाणे, पापड, कडक भाकरी, ह्यांचे कण खळग्यात शिरून बसतात. तीळ, खसखस, राजगिरा हे बारीक दाणेही तसेच. पोह्यांवर वाढलेला माणूस त्यांच्यावाचून अस्वस्थ होतो हे खरे. पण शेव न घालता, ताकात भिजवून अगदी मऊ केलेले पोहे तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्याला मिळू शकतात. तिखट, आंबट आणि लोणची जखमेला झोंबतात. माशाच्या कालवणाचा मोह पडला, तर काटा नाही ह्याची खात्री करूनच तिखट नसलेला मऊ तुकडा घ्यावा. साधारणतः आठवड्याभरात, दुखणे ओसरेल त्या मानाने, नेहमीच्या जेवणाकडे पायरीपायरीने परतता येते.

गालावर येणारी सूज पाहून घरची माणसे घाबरतात. ही सूज पहिल्या दिवशी थोडी असते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत अधिक वाढते, आणि नंतर उतरू लागते. आठवड्याभरात ती बहुधा नाहीशी होते. पहिल्या दिवशी फडक्यात गुंडाळलेला बर्फ गालावर बाहेरून १५-२० मिनिटे धरावा, तेवढाच वेळ थांबावे, आणि पुन्हा धरावा. ऊन शेक देण्याची आपल्याकडची जुनी सवय पहिल्या दिवशी तरी बाजूला ठेवावी. रात्री एक उशी अधिक घेऊन डोके उंच ठेवावे. तोंड पूर्ण न उघडणे हीदेखील काही दिवसांची तक्रार असते. जबड्याचे स्नायू आखडलेले असतात, ते हळूहळू मोकळे होतात.

दोनतीन दिवस ओझी उचलणे, व्यायाम, जोराचा प्राणायाम ही टाळावीत. शंख, बासरी वा सनई वाजविणाऱ्याने दंतवैद्याला विचारल्याखेरीज वाद्य हाती घेऊ नये. वरच्या अक्कलदाढेच्या मुळांजवळच गालाच्या हाडातील पोकळी असते. म्हणून ती दाढ काढली असेल तर नाक जोराने शिंकरू नये, आणि शिंक आली तर तोंड उघडे ठेवून शिंकावे.

२४ तास उलटल्यावर स्वच्छतेचा भाग सुरू होतो. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवावे, ते तोंडात घेऊन मान हलकेच इकडे-तिकडे कलवावी, आणि पाणी आपोआप गळू द्यावे. प्रत्येक जेवणानंतर असे करावे. बाकीचे दात मऊ ब्रशाने नेहमीप्रमाणे घासावेत, जखमेला तेवढे वळसा घालून. खळग्यात काडी, बोट किंवा जीभ घालून चाचपणी करू नये. हळदीची पूड दाबून भरणे किंवा ताज्या जखमेत लवंगेचे तेल ओतणे हेही तितकेच अयोग्य; ह्या वस्तू गुणी असल्या, तरी उघड्या मांसावर त्या दाह करतात.

सर्वांत कठोर पथ्य तंबाखूचे. विडी, सिगारेट, तंबाखूचे पान, गुटखा, मिश्री, ह्यांपैकी कोणतीही वस्तू जखमेला मानवत नाही. धूर ओढताना तोंडात ओढ निर्माण होते. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्ताचा पुरवठा कमी पडतो. किमान तीन दिवस, आणि साधेल तर जखम भरेपर्यंत, तंबाखू दूर ठेवावी. पुष्कळांच्या बाबतीत हे सक्तीचे दिवसच सवय कायमची सोडण्याची सुरुवात ठरू शकतात.

पथ्य मोडले, किंवा कधी पथ्य पाळूनही गुठळी निघून गेली, तर खळगा कोरडा पडतो व आतले हाड उघडे होते. ह्या विकाराचे वर्णन क्रॉफर्ड ह्या दंतवैद्याने १८९६ सालीच केलेले आहे. त्याची खूण ओळखणे सोपे आहे. साधे दुखणे दिवसागणिक कमी होते. हे मात्र बरे वाटू लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलटते, कानापर्यंत ठणका मारते, आणि तोंडाला दुर्गंधी येते. अशा वेळी गोळ्यांवर गोळ्या घेत घरी बसण्यात अर्थ नाही. दंतवैद्य खळगा धुऊन त्यात औषध भरतो आणि रोग्याला लवकरच आराम वाटू लागतो.

मधुमेह असणाऱ्यांनी खाणे कमी झाल्यावर इन्सुलिनचे वा गोळ्यांचे प्रमाण काय ठेवावे हे आधीच विचारून ठेवावे. नाहीतर रक्तातील साखर एकाएकी उतरण्याचा धोका असतो. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील तर ती दंतवैद्यास अगोदर सांगावीत. ती आपल्या मनाने बंद करू नयेत. वरची दाढ काढल्याने दृष्टी जाते ही समजूत मात्र निराधार आहे. दृष्टीची नस वेगळी, दातांची नस वेगळी.

काही लक्षणे थांबण्याची मुभा देत नाहीत. स्वच्छ कापडाची घडी अर्धा तास दाबून धरूनही रक्त वाहतच राहिले, तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरण्याऐवजी वाढली, ताप भरला, पू दिसू लागला, किंवा ओठ आणि जीभ दुसऱ्या दिवशीही बधिर राहिली, तर दंतवैद्याकडे परत जावे. गिळणे कठीण झाले, जिभेखाली वा गळ्यात सूज पसरली, श्वासाला अडथळा येऊ लागला, तर रात्र-अपरात्र न पाहता रुग्णालय गाठावे. दाढेचा जंतुसंसर्ग गळ्यात उतरला तर तो जिवावर बेतू शकतो. सकाळपर्यंत वाट पाहू, हा विचार अशा वेळी महाग पडतो.

हिरडीचा खळगा वरून मिटण्यास तीन-चार आठवडे लागतात, आणि आतले हाड भरून येण्यास काही महिने. त्यातले पहिले चार-पाच दिवस तेवढे जपावयाचे असतात. दाढ काढलेला माणूस बहुधा तरुण, घाईचा आणि चवीचा भोक्ता असतो. त्याला मऊ भात वाढणाऱ्या घरच्या माणसाने तो थोडा निवू द्यावा, शेवेचा डबा उंच फळीवर ठेवावा, आणि मिठाचे पाणी वेळेवर पुढे करावे. उरलेले काम शरीर आपले आपण करते.