कारवानी की लॅब्रॅडॉर?



गेल्या महिन्यात माझा पुतण्या घरी आला होता. इंदिरानगरला चौथ्या मजल्यावर त्याचा तीन खोल्यांचा फ्लॅट आहे. घरात तो, सूनबाई, सहा वर्षांची मुलगी आणि माझी वहिनी. मुलीने कुत्र्याचा हट्ट धरलेला. "काका, तुम्ही दोन्ही पाळलेत. कारवानी आणू की लॅब्रॅडॉर?" त्याला वाटलं, मी एका शब्दात उत्तर देईन. मी त्याला चहा दिला आणि वाघ्याची गोष्ट सांगायला बसलो.

वाघ्या कारवानी. पाटबंधारे खात्याच्या नोकरीत मी लातूरकडे होतो, तेव्हा एका शेतकऱ्याने दिलेला. त्या जिल्ह्यातलं जानवळ हे गाव या कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. सीमेपलीकडे कर्नाटकात मुधोळ. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली, म्हणून तिला मुधोळ हाउंड असंही म्हणतात. 2005 साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढलं आणि पुढे लष्करानेही ही कुत्री प्रशिक्षणासाठी घेतली. लांब तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट. नवखा माणूस बघून म्हणतो, "याला खायला घालत नाही का?" पण त्याची ठेवणच तशी. उघड्या माळावर ससा नजरेने हेरायचा आणि धावून गाठायचा, यासाठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या ही जात घडवली.

बदली होऊन नाशिकला आलो तेव्हा मखमलाबाद रस्त्याला आमच्या घरामागे मोकळी रानं होती. तोवर सगळं ठीक होतं. मग इमारती उठल्या. एका सकाळी कालव्याच्या कडेला मी पट्टा सोडला आणि समोरून ससा गेला. मी घसा कोरडा पडेपर्यंत हाका मारल्या. त्याने कानही हलवला नाही. दोन तासांनी परतला तेव्हा चारही पायांच्या गाद्या सोलवटल्या होत्या. वाटेत मोठा रस्ता होता. तो कसा ओलांडला, देवालाच ठाऊक! अशा वेळी कुत्रा ऐकत नाही, असं आपण म्हणतो. खरं तर नजरेने शिकार धरली की त्याला दुसरं काही ऐकूच येत नाही. त्या दिवसानंतर बंदिस्त जागेशिवाय मी त्याचा पट्टा कधी सोडला नाही.

एरवी घरात तो इतका शांत, की आहे की नाही कळू नये. पण परक्याने डोक्यावर हात ठेवलेला त्याला खपत नसे. अंगावर चरबी नाही, केस तोकडे. डिसेंबरात निफाडकडून गार वारा सुटला की कुडकुडायचा, गोणपाट पुरायचं नाही. अंगात चरबी नसल्यामुळे अशा कुत्र्यांना काही जातीची भूल जास्त चढते. ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना जात आधी सांगावी.

वाघ्या गेला तो म्हातारा होऊन. त्यानंतर मुलीने लॅब्रॅडॉर आणला, सोनू. या जातीचं मूळ कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर. तिथे कोळ्यांबरोबर थंड पाण्यात उतरून जाळी आणि मासे ओढायचं काम. म्हणून केसांचा दुहेरी थर, बोटांमध्ये पडदा आणि तोंडात काहीतरी धरायची हौस. सोमेश्वरला गोदावरीचं पाणी दिसलं की सोनूला आवरणं मुश्कील. दारात कोणीही येवो, पोस्टमन असो की चोर, याचं शेपूट हलणारच.

चूक आमच्याकडून झाली ती ताटात. सकाळी मी पोळी द्यायचो, दुपारी सौ. दूधभात, संध्याकाळी येणारे-जाणारे बिस्किटं. तो असा बघायचा, जणू दोन दिवसांचा उपाशी. 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की सुमारे चौथाई लॅब्रॅडॉरांमध्ये एका जनुकात बिघाड असतो आणि त्यामुळे त्यांची भूक भागतच नाही. आम्हाला ते फार उशिरा कळलं. तिशीच्या आसपास किलो हवा तो सोनू सातव्या वर्षी 46 किलोंचा झाला. मागचे पाय गेले. शेवटचे आठ महिने मी आणि मुलगी पोटाखालून टॉवेल घालून त्याला तीन पायऱ्या उतरवत असू. लाड केले, दुसरं काय म्हणू?

नाशिककरांसाठी आणखी एक. द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्याला विषासमान. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. त्यातलं टार्टरिक आम्ल त्याला कारण असावं, असं हल्ली मानलं जातं. किती खाल्ल्यावर बाधेल याचा नेम नाही. आपल्याकडे हंगामात घरोघरी पेट्या येतात आणि लॅब्रॅडॉरचं नाक नेमकं पेटीच्या उंचीला असतं. खाल्लंच तर लक्षणांची वाट न पाहता तडक डॉक्टरांकडे न्यावं.

आणि मळ्यावर "राखणीला" म्हणून यातला कोणताही कुत्रा रात्री बांधून ठेवू नये. उसातला बिबट्या आता शहरातही येतो. 2019 च्या जानेवारीत सावरकरनगरात भरदिवसा आला होता. साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे त्याच्यापुढे वाढलेलं ताट.

पुतण्या म्हणाला, "म्हणजे दोन्ही नको?"

मी म्हटलं, "तुझ्या घराला लॅब्रॅडॉर. पोर लहान, वहिनींकडे भजनाच्या बायकांची ये-जा, शिवाय चौथा मजला. मळ्याला चांगलं उंच कुंपण असतं आणि तू धावणारा गडी असतास, तर मी कारवानीच सांगितला असता. मला स्वतःला तोच अधिक आवडतो. पण दोन्ही कामकरी जाती आहेत. काम नाही दिलंस तर ती स्वतः शोधतील, सोफ्यापासून सुरुवात करून. तेव्हा आधी महिनाभर तू पहाटे साडेपाचला पाऊण तास चालायचं आणि संध्याकाळी तेवढंच. उन्हाळ्यात डांबर तापतं, म्हणून ऊन चढायच्या आत परत. पिल्लू त्यानंतर. आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू कोणी देऊ केलं तर घेऊ नकोस, कायद्यानेच ते विकायला मनाई आहे."

"कुत्र्याशिवाय चालायचं?"

"हो. वाटलं तर पट्टा हातात घे. लोक हसतील."

हिशेब वहिनींकडे दिला. चुकलेल्या दिवसावर कॅलेंडरात फुली. परवा त्यांचा फोन आला. बावीस दिवसांत पाच फुल्या, त्यातल्या तीन रविवारच्या. नात मात्र रोज बूट घालून दाराशी उभी असते, म्हणाल्या. फुलीच्या दिवशी ती आजीलाच खाली घेऊन जाते.